पादुकांवरचं दहिवर

वैशाखातली दुपार. धोंडखेडच्या माळावर ऊन असं उतरलेलं, की बाभळीच्या सावलीलाही कुठंतरी जाऊन बसावंसं वाटावं. त्या उन्हात बायाबापड्यांची रांग मठाच्या दारापासून पार रस्त्यापर्यंत गेली होती. रांगेच्या टोकाला फरशीचा ओटा, ओट्यावर दोन पितळी पादुका, अन् पादुकांवर पांढरंशुभ्र दहिवर. नखानं खरवडलं तर नखात भरावं असं दाट.

"पाहा, माय-बाप हो, पाहा!" लाऊडस्पीकरमधून गारमहाराज गरजत होते. "सूर्य डोक्यावर अन् हिमालय पायाखाली! लोक घरात एसी लावतात, तर मागून बिल येतं. इथं कधी बिल आलं?"

"नाही ऽऽ!" रांग ओरडली.

"माझ्या गुरूंचा देह कैलासावर बसला आहे. पाय तेवढे तुमच्यासाठी मेहकर तालुक्यात ठेवले. पाय इथं, देह तिथं! आता मधलं अंतर विचारू नका. विचारणाऱ्याचा ताप देवही काढत नाही."

रांगेतल्या बाया गात होत्या:

वैशाखाच्या उन्हामंधी देवा पडलं दहिवर
आग तळव्याची माह्या निवव ना घडीभर

मधे काही दिवस हा देव तापला होता. पादुकांवर हात ठेववेना. गावात पाप झालं, असं महाराजांनी सांगितलं. गावानं पाप शोधलं, कोणाकोणाच्या सुनेवर ढकलून पाहिलं, सुना रडल्या. आणि मग परवा संध्याकाळी देव पुन्हा गार झाला.

दाराशी एक म्हातारा शेतकरी उकिडवा बसला होता. उकंडराव त्याचं नाव. तो दर्शनाला आलेला नव्हता. मठ शेतांच्या मधोमध, आणि शेतातली मोटारीची लाईन, म्हणजे वीज, पाळीपाळीनं येणारी. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी येतच नाही. उकंडरावानं नीट पारखून ठेवलं होतं: पादुकांवर दहिवर धरलं, की समजायचं लाईन आली. मग तो उठून विहिरीवरची मोटार चालू करायला पळायचा. धोंडखेडात सगळ्यांनाच हे ठाऊक होतं. देव गार झाला की लाईन येते. उलटं असेल, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

रांगेत मंजुळाबाई होती. शेजारच्या गावची, शेतकऱ्याघरची. तिच्याबरोबर तिची लेक पुष्पांजली, एका हातात आईच्या चपला, दुसऱ्या हातात नारळ. नारळ लेकीच्या कामाचा होता. पुष्पांजलीनं फ्रिज-एसी दुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, मेहकरात वामनरावांच्या दुकानात लागली होती, आणि परवा पहिल्यांदा एकटीनं एक मशीन दुरुस्त करून आली होती.

"परवाच तुहं पयलं काम झालं, अन् परवाच देव गार झाला," आई म्हणाली. "पायगुण म्हणतात तो हाच. नारळ नीट धर."

पुष्पांजलीनं नारळ नीट धरला. तिला आनंद वाटत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. वर्षभरापासून तिला तसं काहीच वाटत नव्हतं.

"अन् हे पाह्य, भित्तीले कान लाव. ओंकार ऐकू येते."

ओट्यामागच्या भिंतीला बाया ओळीनं कान लावून उभ्या होत्या, डोळे मिटून. पुष्पांजलीनंही लावला. आतून आवाज येत होता, खोल, एकसुरी. हूंऽऽऽ. आणि मधेच एक टक्. पुन्हा हूंऽऽऽ. पुन्हा टक्.

"ते टक् व्हते ना," शेजारची बाई कुजबुजली, "ते गुरूचं काळीज हाये. परवापासून नवं सुरू झालं."

पुष्पांजलीनं कान काढला नाही. ते काळीज तिच्या ओळखीचं होतं.

*

मागच्या वैशाखात तिचे बाबा गेले. शेतात काडीकचरा वेचता वेचता ऊन लागलं. शेजाऱ्यांनी बाजेवर घालून घरी आणलं. डोक्यावर ओला रुमाल ठेवला, कांदा फोडून तळपायांना चोळला, गाडी सांगायला माणूस धावला. अंग तव्यासारखं तापत राहिलं, आणि मग हळूहळू निवत गेलं. तसं निवणं कोणालाच नको होतं.

आई रडली, आत्या रडल्या. पुष्पांजली रडली नाही. ती पाणी भरत राहिली, आल्यागेल्याला चहा देत राहिली. "पोरगी दगड झाली," बाया म्हणाल्या. पुढं तिनं गार करण्याच्या मशिनांचा कोर्स घेतला. का घेतला, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

कोर्सात एकदा पाईप सुटला आणि द्रव गॅस तिच्या बोटावर उडाला. बोटाचं टोक मेणासारखं पांढरं झालं. ती शांतपणे बोटाकडं पाहत उभी राहिली.

"हात मागं घे!" मास्तर ओरडले.

"सर, दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच भी! दुखलं असतं तर तूच घेतला असतास."

रात्रीतून फोड आला, कातडी गेली, महिनाभर बोट बांधून ठेवावं लागलं. त्या टोकाला अजूनही ऊन-थंडी कळत नाही.

आणि परवाचं काम. वामनरावांनी मोटारसायकलवरून तिला साखरखेर्ड्याच्या बाजूनं येणाऱ्या कच्च्या रस्त्याला सोडलं. ज्वारीच्या वावरातून जायचं, एका भिंतीमागं पत्र्याची खोली. तिथला माणूस म्हणाला, "दुधाचं मशीन हाये. गार करत नाही." जुनं, जड मशीन, बंद पडलेल्या दूध केंद्रातून भंगारात घेतलेलं. त्यातून दोन तांब्याचे पाईप निघून भिंतीत शिरत होते. भिंतीपलीकडं भजन चाललं होतं. शेतात दूध कसलं, पाईप जातात कुठं, भजन कोणाचं, तिनं काहीच विचारलं नाही. साबणाचा फेस लावून गळती शोधली, जोड पक्का केला, गॅस भरला. मशीन घुमू लागलं. पंख्याचं पातं जाळीला घासून टक् टक् वाजत होतं. त्याचा स्क्रू पिशवीत नव्हता, म्हणून ते पुढच्या खेपेवर टाकलं. वामनराव आले, पाईपला हात लावून म्हणाले, "शाबास. आता तू मिस्त्री झाली."

हूंऽऽऽ. टक्.

*

"पुष्पे! आग गेली व! पार गेली!"

पुष्पांजली वळली. आई पादुकांवर पाय देऊन उभी होती. मंजुळाबाईला साखरेचा आजार. तळपायांची अशी आग व्हायची, की रात्री ती पाय माठाला लावून निजायची. महाराज सांगत होते, "जितका वेळ पाय ठेवाल, तितकी आग गुरूच्या पदरात पडेल. गोळ्या खाऊन आग मरते का? तीर्थ घ्या!" अन् दहिवर वितळून ओट्याच्या पन्हळीतून ठिबकणारं पाणी शिष्य पळीनं वाटत होता.

"आई, उतर."

"थांब व. किती दिसानं असं बरं वाटून राह्यलं."

"उतर म्हणते ना!" पुष्पांजलीनं तिला दंडाला धरून ओढलं. रांगेतले लोक रागावले. तिनं खाली पाहिलं. आईच्या उजव्या पायाचा अंगठा मेणासारखा पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी तिथं फोड आला, मग फोड काळा पडू लागला. मेहकरच्या डॉक्टर नीरजाबाईंनी पाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हे भाजलंय, मंजुळाबाई. बर्फानं भाजलंय. साखरेमुळं तुमच्या पायाला आधीच कमी समजतं, त्यात हे. गोळ्या चालू आहेत?"

मंजुळाबाई छताकडं पाहू लागली.

"तीर्थ चालू हाये," पुष्पांजली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पाय हळूच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अंगठ्याचं सांगता येत नाही. पण पाय वाचवू शकतो. पुन्हा त्या थंडीवर ठेवलात, तर मात्र मी पायाचंही सांगू शकणार नाही."

बसमध्ये मंजुळाबाई बोटांवर वार मोजत होती. घर आल्यावर म्हणाली, "गुरवारी मले जायचंच हाये. मोठा दिवस हाये. देवाच्या पायानं कोनाचा पाय जाते का?"

"आई, तो देव नाही, मशीन आहे. म्या सोता दुरुस्त केलं. त्यात गॅस भरला म्या."

मंजुळाबाईचे डोळे भरून आले. तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. "म्हंजे देवानं तुह्या हातून करून घेतलं! अन् म्या म्हणत होती, पोरगी दगड झाली."

पुष्पांजलीला आतून काहीतरी हलल्यासारखं झालं, पण ते वर आलं नाही. एवढंच कळलं की सांगून उपयोग नाही. दाखवावं लागेल.

*

"नादाला लागू नको," वामनराव म्हणाले. ते एका फ्रिजमागं बसले होते, मान वर न करता. "आपलं काम मशीन. मशीनवर कोन पाय ठेवते, ते आपलं काम नाही."

"काका, तुमाले ठाऊक होतं?"

"म्या इचारलं नाही."

"काऊन? का नाही इचारलं?"

वामनरावांनी पाना खाली ठेवला. "काऊन म्हंजे? इचारलं असतं तर समजलं असतं ना बाई."

असं म्हणून त्यांनी पुन्हा फ्रिजमागं डोकं घातलं. थोड्या वेळानं तिथूनच आवाज आला, "पंख्याचा स्क्रू राह्यला म्हणत होती ना तू? डब्यात हाये. न्यायचा तर ने."

गुरुवारी धोंडखेडला जत्राच भरली होती. दाराशी उकंडराव नेहमीच्या जागी उकिडवा. पुष्पांजली त्याच्याजवळ बसली.

"काका, देव गार झाला म्हणून लाईन येते, का लाईन येते म्हणून देव गार होते?"

उकंडराव हसला. "देव कधी लाईनीची वाट पाहीन का व? लाईन देवाची वाट पाह्यते."

"आता लाईन हाये का?"

"हाये ना. मोटार चालू करून आलो. ऐकू येऊन राह्यली पाहा."

"मंग लाईन चालू असताना देव तापला तर?"

उकंडरावानं डोळे बारीक केले. हे त्याच्या हिशेबात कधी आलं नव्हतं.

"म्या भित्तीमागं जाते," ती म्हणाली. "तुमच्या मनात येईन तवा देवापुढची घंटा एकदा वाजवा. म्या त्याले तापवते. दोनदा वाजवा, म्या त्याले गार करते. कवा वाजवायची, ते तुमी ठरवा. मले सांगू नका."

"अन् नाहीच झालं तर?"

"तर म्या आईसंगं रांगेत उभी राह्यते. तिथं आहे पाहा माही माय, पांढरी पट्टी बांधलेली. तिचा लंबर यायच्या आत वाजवा, काका. एवढं ध्यानात ठेवा."

उकंडरावानं त्या पट्टीकडं पाहिलं. मग उठून धोतर झटकलं.

पत्र्याच्या खोलीत आज कोणी नव्हतं. त्या दिवशीचा माणूस पंगतीला गेला होता. मशीन घुमत होतं, टक् टक् करत होतं. पुष्पांजलीनं व्हॉल्व्हचं टोपण काढलं, पाना बसवला आणि भिंतीला पाठ टेकून बसली. लाऊडस्पीकरमुळं पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. खोलीत भट्टीसारखं गरम. मशीन भिंतीपलीकडची सगळी आग इकडं आणून ओकत होतं.

घंटा वाजली. एकदा.

तिनं पाना फिरवला. गॅस पुढं जाईना. मशीननं उरलेला गॅस ओढून घेतला, ओंकार जड झाला, आणि खट् करून थांबला.

पलीकडं भजन चालू होतं. मग एका बाईचा आवाज, "पाणी सुटलं व! दहिवर गेलं!" भजन तुटलं.

"शांत राहा!" महाराज. "रांगेत कोणीतरी विटाळाचं आहे. जिचं तिला ठाऊक. मुकाट्यानं बाजूला व्हा!"

एखाददुसरं पाऊल वाजलं. कोण बाजूला झालं असेल? पुष्पांजलीच्या हाताची मूठ वळली. पाना तिच्या हातात होता, आणि मनात आलं असतं तर ती लगेच गार करू शकली असती. पण घंटा तिच्या हातात नव्हती.

घंटा वाजली. टण्, टण्.

पाना उलटा फिरला. मशीन जागं झालं. हूंऽऽऽ, टक्. पितळ पातळ होतं, थंडी चढायला वेळ लागला नाही.

"पाहा! पाहा!" महाराज पुन्हा गरजले. "ती बाई गेली, अन् गुरूनं क्षमा केली!"

टण्.

खट्.

"आँ?... पुन्हा कोण आलं रांगेत?"

"कोनीच नाही आलं, महाराज," कोणीतरी पुरुष म्हणाला.

टण्, टण्. हूंऽऽऽ.

"गुरू... गुरू परीक्षा पाहून राहिले!"

टण्.

आता पलीकडून जो आवाज आला तो पुष्पांजलीनं त्या मठात कधी ऐकला नव्हता. लोक हसत होते. आधी एकजण, मग दोघं, मग रांगच्या रांग. आणि त्या हशातून उकंडरावाचा फाटका आवाज: "महाराज, मोटार माही चालू हाये. लाईन हाये. तरी तुमचा देव घंटीवर नाचून राह्यला! चला रे, भित्तीमागं चला!"

"मागं जायचं नाही! मागं गुरूचं आसन आहे! अंध व्हाल!"

"माही एका डोळ्याची नजर तशीबी गेली," उकंडराव म्हणाला. "दुसऱ्यानं पाह्यतो."

लोक वळसा घालून आले. ज्वारीची धसकटं तुडवत, डोक्यावर पदर-गमछे घेत. पत्र्याच्या दारात गर्दी झाली. आत एक पोरगी घामानं निथळत, पाना घेऊन बसलेली.

"हे दूध गार करायचं मशीन आहे," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, दुकानात गिऱ्हाईकाला सांगावं तसा. "हे पाईप भित्तीतून पादुकांखाली जातात. तिथली गरमी हे ओढून घेते अन् इकडं बाहेर टाकते, म्हणून तिथं दहिवर अन् इथं भट्टी. तुमच्या घरी फ्रिज असन तर त्याच्यामागं हात लावून पाहा, तेच आहे. शेतातल्या लाईनीवर चालते, म्हणून लाईन आली की देव गार. मधे गॅस गळला म्हणून देव तापला होता. कोनाच्या सुनेनं काही केलं नव्हतं. गळती म्या काढली. अन् ते काळीज..." तिनं खिशातून स्क्रू काढला, पातं सरळ करून पिळला, आणि व्हॉल्व्ह उघडला. मशीन पुन्हा घुमलं. टक् वाजलं नाही. "पातं ढिलं होतं."

मघा रांगेतून बाजूला झालेली बाई, कोवळ्या वयाची सून, पुढं आली, तिनं दोन्ही पाईप नीट पाहून घेतले आणि ताठ मानेनं बाहेर गेली. महाराजांना शोधायला काहीजण धावले. ते मागच्या वाटेनं निघाले होते, पण मागची वाट आज माणसांनी भरलेली होती.

मंजुळाबाई सगळ्यात शेवटी आली, पट्टीचा पाय ओढत. तिनं दहिवर धरलेल्या पाईपावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. पुष्पांजलीनं तो हळूच उचलून बाजूला केला.

"इथंबी गारच हाये व," आई म्हणाली.

"हो."

"मान्साले करता येते हे? इतकं गार?"

"येते आई."

मंजुळाबाई खाली बसली. "एवढा गारवा होता दुनियेत. अन् आपण तुह्या बापाच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला."

तेव्हा, वर्षभरानंतर, त्या भट्टीसारख्या खोलीत, सगळ्या धोंडखेडसमोर पुष्पांजली रडली. आवाज न करता रडली. घाम कुठला अन् पाणी कुठलं, ते कोणाला कळलं नाही.

*

मंजुळाबाईचा अंगठा गेला. पाय राहिला. लोकांनी पोलिसांत तक्रार दिली. महाराज पूर्वी त्याच दूध केंद्रात मशीन चालवायला होते, हे तिथं निघालं. त्यांना थंडीचं सगळं ठाऊक होतं, फक्त ती कुठं वापरायची ते त्यांनी वेगळं ठरवलं होतं.

वामनरावांना सगळं कळलं. दुकानात त्यांनी एवढंच विचारलं, "स्क्रू बसला का?" मग बरंच काही आवरून झाल्यावर, "आता नवं काम आलं की तूच फोन घेत जा. मशीन कशाचं हाये, कोनासाठी हाये, इचारत जा. मले सवय नाही राह्यली."

पट्टी बदलायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कापूस लावला आणि मंजुळाबाई किंचाळली, "दुखते ना वो, बाई!"

"दुखतं?" डॉक्टरीणबाई खुश झाल्या. "छान. इथवर पायाला कळतंय म्हणायचं."

बसस्टँडवर बसची वाट पाहताना मंजुळाबाई पुटपुटत होती, जुन्याच चालीत:

भित्तीपुढं गायली म्या देवाच्या गारव्याची गाणी
भित्तीमागं लेक माही, तिच्या कपाळाचं पाणी

पुष्पांजलीनं ऐकलं. गोळ्यांची पिशवी तेवढी मांडीवर घट्ट धरली.

मंजुळाबाईच्या तळव्याची आग खोटी नव्हती. पादुकांचा गारवाही खोटा नव्हता. ज्यानं त्यावर पाय ठेवला, त्याला तो खराच लागला. म्हणून तर माणसं फसतात, ती काही मूर्ख असतात म्हणून नव्हे. पण त्या भिंतीला कान लावणारे इतके होते आणि भिंतीला वळसा घालून जाणारं कोणी नव्हतं. मागं कुलूप नव्हतं, कुत्रं नव्हतं. ज्वारीच्या रानातून चार पावलांची वाट होती. तेव्हा बाप्पांनो, बायांनो, पुन्हा कुठं उन्हात दहिवर पडलं, तर हात जोडायचे तर जोडा. पण त्याआधी एकदा मागं जाऊन या. अन् कोणी म्हणालं विचारू नका, तर तिथंच उभं राहून विचारा, काऊन?